तांदळातलं नाव

फोटोग्राफर म्हणाला, "दादा, परत एकदा लिहा, फोकस हुकला," आणि नवऱ्या मुलाने तळहाताने ताटातले तांदूळ सपाट केले. ताट चांदीचं, तांदूळ कोलम, अंगठी त्याच्याच बोटातली. पहिल्या खेपेला शेवटच्या अक्षराची वेलांटी काठावर चढली होती आणि चार दाणे सतरंजीवर सांडले होते. त्यावरून त्याच्या आतेबहिणीने "अक्षर सुधारा हो आता" म्हणून हशा मिळवला होता. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सोफा ढकलून गॅलरीत नेलेला, समईच्या तेलाचा आणि चाळीस माणसांच्या घामाचा वास, उंबऱ्यातलं माप नुकतंच ओलांडलेलं. मधल्या तीन-चार सेकंदांत ताटात काहीच नव्हतं. जुनं नाव नाही, नवं नाही, नुसते तांदूळ. माझी भाची त्या कोऱ्या ताटाकडे बघत होती आणि तिने मान वर केली ती नेमकी माझ्याकडे. रागाने नाही. भाजीवाल्याने पाच रुपये कमी दिलेत हे कळतं, पण मागे रांग असते म्हणून आपण न बोलता पिशवी उचलतो, तशी ती दिसली. मुलगा चांगला आहे. त्याने अंगठी टेकवण्याआधी हळूच विचारलं, "चालेल ना?" चाळीस माणसांत या प्रश्नाला जे उत्तर असतं तेच तिने दिलं. पेढे वाटले गेले.

मला तो पेढा गिळवेना, कारण पंधरा दिवसांपूर्वी ती माझ्याकडे आली होती. मी गवार मोडत होते, ती समोर बसून शिरा काढत होती आणि एकदम म्हणाली, "मावशी, तू आईला सांग ना. तुझं ती ऐकते. मला नाव नाही बदलायचं." मी विचारलं, सासरचे म्हणतात तरी काय? तर सासूबाई म्हणाल्या होत्या, आमच्याकडे पहिल्यापासून आहे, आज्जींना बरं वाटेल, विधीपुरतंच गं. नाव आजेसासूबाईंनी निवडलेलं, कुलदेवीवरून. त्यात दुष्टपणा कुठेच नव्हता, नाहीतर मी भांडले असते. मी म्हटलं, "अगं, तांदळातलं नाव ते. ताट हलवलं की गेलं. आधारवर थोडंच चढणार आहे?" ती हसली. मला माझं वाक्य इतकं आवडलं की रात्री नवऱ्यालाही ऐकवलं.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. दोन्हीपैकी कुठलंही लिहिलं तरी बाजू घेतल्यासारखं होईल.

मी बँकेत आहे, सव्वीस वर्षं. माझं निम्मं काम नावं जुळवण्याचं. दहावीच्या सर्टिफिकेटावर एक, पॅनवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच. "मॅडम, मीच आहे ती," असं काउंटरपलीकडून म्हणणारी बाई आठवड्यात एकदा तरी येते. पुरुषांच्या नावात चूक असते ती टायपिंगची, 'ष' चा 'श' झालेला. बायकांच्या नावात अख्खी बाई बदललेली असते. मग लग्नाचा दाखला आणा, राजपत्रातली नोंद आणा, नमुना सही पुन्हा द्या. साठीच्या एक बाई मागे नव्या नावाची सही तीनदा करूनही चुकल्या. शेवटी मी म्हटलं, तुम्हाला येते ती करा. त्यांनी सरसर सही केली, माहेरच्या आडनावाची. चाळीस वर्षांत ती कुठे लागली नव्हती, पण हात विसरला नव्हता. फॉर्म अर्थातच रद्द करावा लागला.

आमच्या घरी एक पितळी पातेलं होतं, दिवाळीत अनारशांचं पीठ भिजवायला निघायचं. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, पुढे 'चि. सौ. कां.' लहानपणी वाचायला शिकले तेव्हा दिसेल ते वाचत सुटायचे, तसं तेही वाचलं आणि आईला विचारलं, "ही कोण? आपल्याकडे हिचं पातेलं कसं?" आई राख लावून घासत होती. "मीच," म्हणाली आणि पातेलं उलटं केलं. लग्नाआधी रुखवतात मांडायला आजोबांनी नाव घालून आणलेलं ते, आणि लग्नाच्या दिवशी नावच बदललं. म्हणजे भांडं आलं आणि भांड्याची मालकीण आली नाही, असं काहीतरी माझ्या सात-आठ वर्षांच्या डोक्यात बसलं. त्या दुसऱ्या मुलीचं पुढे काय झालं, ही काळजी मला बरेच दिवस होती.

लग्नाहून परतले आणि जुनी पुस्तकं काढून बसले. कारण एकच, मला एक नाव आठवत होतं, यमुना. 1857 साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती, आणि तिची नायिका यमुना. नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांच्या कहाण्या ऐकते आणि मग स्वतःच विधवा होते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो!' मध्ये एका मुलीला आपली गोष्ट 'मी' म्हणून सांगायला लावली, तीही यमुना, यमू. कागदावरच्या या दोन यमुनांच्या आगेमागे खऱ्या दोन आहेत. कुर्लेकरांची अकरा वर्षांची यमुना 1873 मध्ये रानड्यांच्या घरात आली आणि रमा झाली. नवरा एकतीस वर्षांचा, विधवाविवाहाचा कैवारी. पहिली बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि वडिलांच्या शब्दापुढे त्याचं चाललं नाही. कल्याणची दुसरी यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशांची बायको झाली आणि त्यांनी तिला आनंदी केलं. कादंबऱ्यांतल्या यमुना यमुनाच राहिल्या आणि घराघरांतल्या गेल्या, हे मला विचित्र वाटतं. बाकी यमुना हे त्या काळी घरोघरचं नाव, त्यात योगायोगापलीकडे काही नसेल. पण लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका हेही त्याच रात्री आठवलं, आणि मग झोप लागली नाही.

हरिभाऊंची यमू मी पहिल्यांदा वाचली ती बारावीच्या सुट्टीत, मामाच्या माळ्यावर. तेव्हा शंकरमामंजींचा संताप संताप आला होता. देवधर्माचं सोंग आणणारा, घरातल्या बायकांवर सत्ता गाजवणारा माणूस. नवरा गेल्यावर त्याच्या घरात तिचं जबरदस्तीने केशवपन होतं, ती पानं मी श्वास रोखून वाचली आणि खाली येऊन मामीला म्हटलं, असला माणूस मी घरात ठेवला नसता. मामी म्हणाली, "घर त्याचंच होतं." आता वाचताना त्या पानांशी मी थांबतच नाही. तो सरळ खलनायक आहे. त्याच्याशी भांडता येतं, निदान मनातल्या मनात. मला आता अडवतात त्या आधीच्या बारीक गोष्टी. मुंबईला नवरा, रघुनाथराव, तिला वाचायला शिकवतात, ती शिकते, तिला आवडतं, आणि तरी दाराबाहेर कोणाचं पाऊल वाजलं की कुठे लपू असं होतं. नवऱ्याला 'इकडून' म्हणायची तिची सवय जात नाही. नाव नाही, सर्वनामही नाही, नुसती दिशा! तिला लाज वाटते ती वाचण्याची, आणि वाचायचं सोडवत नाही याची. ही लाज कोणी डोळे वटारून शिकवलेली नसते. वेणी घालता घालता, जेवायला वाढता वाढता ती अंगात गेलेली असते. वेणी घालणारी आई किंवा आजी असते आणि तिच्यावर आपलं प्रेम असतं, सगळी अडचण तिथे आहे.

'आनंदी गोपाळ' वाचताना तर माझी पार गल्लत होते. श्री. ज. जोशांची कादंबरी 1968 ची. तिच्यात परंपरा आणि सुधारणा यांच्या जागा बदलून जातात. शिक म्हणून मारणारा नवरा, आणि आजीजवळ स्वयंपाकघरात बसावं, चारचौघींसारखं राहावं असं वाटणारी पोर. माझ्या मैत्रिणींच्या भिशीत यावर एकदा कडाक्याचं भांडण झालं. एक म्हणाली, मारलं नसतं तर ती डॉक्टर झाली नसती. दुसरीने हातातली डिश आदळली. मला वाटतं तिला दोन्ही हवं होतं. म्हणून तर ती अमेरिकेत जाऊन शाकाहारी राहिली, थंडीत लुगडं नेसली, 1886 मध्ये फिलाडेल्फियाला एम.डी. झाली, आणि प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी तिचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. डॉक्टरकीचं मूळ तिथे आहे म्हणतात, आणि प्रबंधाचा विषय बघितला की ते पटतं. सही मात्र आनंदीबाईची. यमुनेची सही असलेला कागद कुठे असेल असं वाटत नाही. ज्या वयात सही करायला शिकायचं, त्याआधीच नाव बदललं होतं.

सही म्हटलं की मला संत स्त्रिया आठवतात. हा धंद्याचा दोष म्हणा. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव येतं त्याला नाममुद्रा म्हणतात, मी तिला नमुना सही म्हणते. जनाबाई लिहिते 'नामयाची दासी', सोयराबाई लिहिते 'चोखियाची महारी'. नवऱ्याचं नाव घेऊन, जात उघडी ठेवून केलेली ही सही आहे. त्यात कोणी लाचारी बघतं. मला ती छाती पुढे काढून केलेली वाटते, पण खात्री नाही. आणि मग बहिणाबाई, सतराव्या शतकातली, शिऊरची, खान्देशच्या ओव्यांतली नव्हे. तीन वर्षांची असताना तिशीच्या बिजवराला दिलेली. पुढे कोल्हापुरात राहताना तिला एका वासराचा लळा लागला, म्हणजे वासराला तिचा. ती कीर्तनाला जाई, वासरू मागे मागे जाई. लोक बोलायला लागले, नवऱ्याने तिला मारलं, बांधून घातलं. वासरू मेलं. ती बेशुद्ध पडली आणि स्वप्नात तुकाराम दिसले. ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला गुरू करायचं म्हणजे घरात काय झालं असेल! नवरा तिला टाकून जायला निघाला, ती गरोदर होती. हे सगळं तिने स्वतः अभंगांत सांगितलंय. आणि जागोजागी म्हणते काय, तर पती हाच देव, पतीची सेवा हाच धर्म. वेद बाईला बोलू देत नाहीत, बाईचा देह पराधीन, मग मी काय करू, असं विचारते आणि विचारता विचारता अभंग पुरा करून खाली 'बहिणी म्हणे' अशी सही ठोकते. तिला नवराही सोडायचा नव्हता आणि तुकोबाही. मी वाचलेल्या कुठल्याच आधुनिक नायिकेला इतकं उघडपणे दोन्हीकडे ओढलं जाताना मी बघितलेलं नाही. बहुतेकींना लेखक शेवटच्या प्रकरणात एका बाजूला बसवून मोकळा होतो.

वासराला नाव होतं का, हे कुठे सापडलं नाही.

आमच्या लग्नांत नावाचे दोन खेळ असतात. तिचं बदलायचं आणि त्याचं घ्यायचं. त्याचं सरळ नाही, यमकात. घास भरवताना, दारात अडवल्यावर, डोहाळजेवणात, मंगळागौरीला. माझी आजी एरवी आजोबांना हाक मारायची ती कडी वाजवून, पण उखाण्याला उभी राहिली की समुद्रापासून सोन्याच्या झारीपर्यंत काय काय आणायची आणि शेवटच्या ओळीत आजोबांचं नाव असं टाकायची की आजोबा बाहेर पान लावता लावता थांबायचे. मला तो खेळ आवडतो. खोटं कशाला सांगू, भाचीच्या लग्नात तिच्या मागे लागणाऱ्यांत मीच पुढे होते. तिने मोबाइलवरून पाठ केलेला उखाणा घेतला आणि नवऱ्याच्या नावापाशी लाजली, खरोखरची लाजली. तो विधी तिला मनापासून हवा होता. हळद हवी होती, हिरवा चुडा हवा होता, आईने रडावं हेही हवं होतं. तिला फक्त एक नको होतं. "सगळं नको म्हणणारी मुलगी लोकांना कळते मावशी," ती गवार निवडताना म्हणाली होती, "एवढं एकच नको म्हटलं की आगाऊ वाटते." माझ्या विनोदाच्या नादात हे वाक्य मी तेव्हा ऐकलंच नव्हतं.

या सगळ्यांत स्वतःचं नाव स्वतः ठेवणारी एक आहे. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, ह. वि. मोट्यांनी काढलं, वर लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनात काय चालतं ते तिने लिहिलं आणि लोक खवळले. ही बाई कोण, बाई आहे की पुरुष, इथपासून तपास. ती होती बाळूताई खरे, पुढे 1938 मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न करून मालती झाली. म्हणजे आईबापांचं एक नाव, लग्नाचं एक, आणि मधलं विभावरी तिचं तिने घेतलेलं. पण घेतलं ते लपण्यासाठी. त्या संग्रहातल्या एका कथेचं नाव आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' मिळवत्या मुलीचं लग्न घराला परवडत नाही, हे दुखणं आमच्या बँकेतही बघितलंय मी. शेजारच्या काउंटरवरची एक. धाकट्या भावाची इंजिनियरिंगची फी भरता भरता तिची पस्तिशी गेली आणि "स्थळं बघतोय" असं घरचे म्हणत राहिले. तिला कोणी कोंडलं नाही, मारलं नाही. रोज सकाळी आई गरम पोळीचा डबा भरून द्यायची. तिच्यावर कादंबरी लिहायला बसलं तर खलनायक कुठून आणणार?

हे इथवर लिहून मी खूश होते. मग लक्षात आलं, माझ्या सगळ्या यमुना एकाच आळीतल्या. बहुतेक ब्राह्मण घरं, वाडे, सोवळं. म्हणून कुमुद पावड्यांचं 'अंतःस्फोट' पुन्हा काढलं, 1981 चं. नागपूरची सोमकुवरांची मुलगी, दलित, संस्कृत घेऊन एम.ए. झाली. जे वेद बाईने आणि शूद्राने ऐकू नयेत म्हटलं ते हिने दुहेरी मनाई असताना शिकून दाखवलं. लोकांनी कौतुक केलं, कौतुकात टोमणा घातला, नोकरी मात्र मिळेना. मग आंतरजातीय लग्न झालं, सोमकुवरची पावडे झाली, आणि त्यानंतर सरकारी महाविद्यालयात संस्कृत शिकवायची जागा मिळाली. हे श्रेय कुमुद सोमकुवरचं नव्हे, पावडे या नावाचं, असं ती स्वतःच लिहून ठेवते. माहेरचं नाव जपणं ही ज्यांना परवडते त्यांची चैन आहे का, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं. माझ्या भाचीचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्ही नावांना दारं उघडतात. सोमकुवर नावाला ते उघडलं नाही. आणि तरी कुमुदताईंच्या लिहिण्यात त्या उघडलेल्या दाराचा आनंद कमी आहे, मागे राहिलेल्या नावाची ठणक जास्त. मी पुस्तक उपडं ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.

भाचीचा फोन आला परवा, लग्नाला चार महिने होऊन गेल्यावर. घरात तिला नव्या नावाने कोणी हाक मारत नाही, आजेसासूबाई सोडून. त्यांच्या हाकेला ती ओ देते. "इतकं गोड बोलावतात मावशी, की ओ न देणं बरं नाही वाटत. पण ओ देते ना, तेव्हा जरा उशीर होतो. आधी वाटतं दुसऱ्या कोणाला तरी हाक मारताहेत." मी म्हटलं, माझं चुकलं तेव्हा, मी आईशी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "हो, चुकलंच." एवढं सरळ ती माझ्याशी पूर्वी बोलत नसे. मग म्हणाली, त्या ताटातले तांदूळ आठवतात का? सासूबाईंनी ते फडक्यात बांधून देवघराखालच्या फडताळात ठेवले होते, टाकायचे कसे म्हणून. गेल्या बुधवारी घरात कोणी नव्हतं, हिला कामावरून यायला उशीर झालेला, डब्यातले तांदूळ संपलेले. तिने फडकं सोडलं, तांदूळ निवडले, दोन-तीन पोरकिडे निघाले ते टाकले, मुगाची डाळ घालून कुकरला खिचडी लावली आणि टीव्हीसमोर बसून एकटीने खाल्ली. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. फडक्यात दुसरे तांदूळ बांधून ठेवलेत, रेशनचे, जाड.

"कशी झाली होती?" मी विचारलं.

"बरी झाली होती. मीठ जरा जास्त पडलं."